भरपाईचा अर्ज खटल्याच्या निकालासाठी थांबत नाही

गुन्हा दाखल होतो, पंचनामा होतो, आरोपी सापडतो किंवा सापडत नाही, आणि घरच्यांना कुणीतरी सांगतं, ‘आधी केसचा निकाल लागू द्या, मग भरपाईचं बघू.’ सांगणारा कधी ठाण्यातला हवालदार असतो, कधी शेजारचा जाणता माणूस, कधी चक्क वकीलही. बहुतेक वेळा हा सल्ला चुकीचा असतो आणि त्यामुळे लोकांची वर्षं वाया जातात.

आरोपीला शिक्षा व्हावी म्हणून खटला चालतो. पीडित व्यक्तीला पुन्हा उभं राहता यावं म्हणून सरकार जे पैसे देतं, ती भरपाई. दोन्हींची कागदपत्रं बरीचशी सारखी असली तरी दारं वेगळी आहेत. आरोपी निर्दोष सुटला, फरार झाला, त्याचं नावच कधी कळलं नाही, तरी दुसरं दार बंद होत नाही. हे दार कुठे आहे, ते कधी ठोठवायचं आणि आत जाताना हातात काय असायला हवं, हे वकिलाला ठाऊक असावं लागतं. कायद्याचा कीस काढण्यापेक्षा कागद जुळवण्यात त्याचा अधिक वेळ जातो.

कायदा काय म्हणतो

फौजदारी प्रक्रिया संहितेत ३१ डिसेंबर २००९ पासून कलम ३५७-अ आलं. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. प्रत्येक राज्याने पीडितांसाठी निधी आणि योजना तयार करावी, आणि रक्कम किती द्यायची हे जिल्हा किंवा राज्य विधी सेवा प्राधिकरणाने ठरवावं, अशी ही व्यवस्था. महाराष्ट्राने आपली पीडित नुकसानभरपाई योजना २०१४ मध्ये आणली.

या कलमातून पैशापर्यंत जाणाऱ्या वाटा वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचीच सर्वांत जास्त गल्लत होते. एक वाट न्यायालयाच्या शिफारशीची. खटल्याच्या शेवटी आरोपीकडून मिळणारी रक्कम पुरेशी नाही असं न्यायालयाला वाटलं, किंवा आरोपी सुटला पण पीडिताचं पुनर्वसन आवश्यक आहे असं दिसलं, तर न्यायालय प्राधिकरणाकडे शिफारस करतं. दुसरी वाट थेट अर्जाची. गुन्हेगार सापडलाच नाही आणि खटला उभाच राहिला नाही, पण पीडित कोण हे माहीत आहे, तर पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले लोक स्वतःच प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. अर्ज किंवा शिफारस आली की चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची, असं कलमातच लिहिलेलं आहे.

तिसरी वाट तातडीच्या मदतीची, आणि नेमकी तीच लोकांना माहीत नसते. पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा न्यायदंडाधिकारी यांचा दाखला असेल तर प्राधिकरण मोफत उपचारांचा आदेश देऊ शकतं आणि अंतरिम रक्कमही देऊ शकतं. म्हणजे जखम ओली असतानाच पैसे मागता येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सुरेश विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात अंतरिम भरपाईचा विचार करणं हे न्यायालयांचं कर्तव्य आहे असं म्हटलं. तरीही अंतरिम भरपाईचा अर्ज कुणी केला नाही तर ती आपोआप मिळेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

महिला पीडितांसाठी वेगळी योजना आहे. निपुण सक्सेना प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, म्हणजे नालसाची, महिला पीडितांसाठीची भरपाई योजना २ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाली. राज्यांनी यात भर घालावी, कमी करू नये, अशी न्यायालयाची भूमिका. या योजनेत पीडिता, तिच्यावर अवलंबून असलेले, आणि त्या भागातील ठाण्याचा प्रमुखसुद्धा अर्ज करू शकतो. शिवाय बलात्कार, अ‍ॅसिड हल्ला अशा गुन्ह्यांत एफआयआरची प्रत पोलिसांनी स्वतःहून प्राधिकरणाला पाठवायची आहे. ती पाठवली का, हे वकिलाने एका पत्राने विचारून घ्यावं. पत्राची पोच हा पुढे कामाला येणारा कागद असतो.

महाराष्ट्राची मनोधैर्य योजनाही २ ऑक्टोबरचीच, पण २०१३ सालची. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि अ‍ॅसिड हल्ला यांतील पीडितांसाठी महिला व बालविकास विभागाने ती सुरू केली. आधी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचं मंडळ निर्णय घेत असे. नंतरच्या बदलांनी हे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आलं आणि कमाल रक्कम १० लाखांपर्यंत गेली. त्यामुळे ‘जुन्या अर्जाचं काय झालं’ म्हणून कुणी आजही जिल्हाधिकारी कार्यालयात हेलपाटे घालत असेल, तर पत्ता चुकला आहे.

कोणाकडे जायचं

प्राधिकरणाचं कार्यालय बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. अध्यक्ष प्रधान जिल्हा न्यायाधीश, तर सचिव न्यायिक अधिकारी. रोजचा व्यवहार सचिवांशी. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज दिला तरी तो पुढे जातो. फोन करायचा तर १५१०० हा नालसाचा क्रमांक.

इथे मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, बालकं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि मानवी तस्करीला बळी पडलेल्यांना उत्पन्नाची अट नाही. नोकरदार स्त्रीलाही नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. वकील प्राधिकरणाच्या यादीवरचा, म्हणजे पॅनलवरचा असतो, त्याचं मानधन प्राधिकरण देतं, आणि त्याने पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. गावात जाऊन कागद गोळा करणं, बँकेत सोबत जाणं अशी कामं विधी स्वयंसेवक करतात. चांगला स्वयंसेवक मिळाला तर अर्ज निम्म्या वेळात उभा राहतो, हे कुणीही पॅनल वकील सांगेल.

आणि एक सावधगिरी. ‘मी मंजूर करून आणतो, दहा टक्के द्या’ म्हणणारे लोक न्यायालयाच्या आवारात भेटतात. मध्यस्थ तर सोडाच, वकिलालाही मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून फी घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. अर्जाला शुल्क नाही.

सरकारी वकील आणि आपला वकील यांत गफलत करू नये. सरकारी वकील राज्याची बाजू मांडतो. त्याच्याकडे एका दिवशी वीस फायली असतात आणि भरपाईची मागणी तो करीलच असं नाही. पीडिताने स्वतःचा वकील नेमला, तर न्यायालयाच्या परवानगीने तो सरकार पक्षाला साहाय्य करू शकतो. आणखी एक मोठा फायदा: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे दोषारोपपत्र आणि सोबतचे जबाब, कागद यांची मोफत प्रत आरोपीबरोबरच पीडितालाही मिळते, पण पीडिताचा वकील असेल तरच. वकीलपत्र दाखल नसेल तर हीच कागदपत्रं नकलेचे अर्ज करून, पैसे भरून, आठवडे थांबून काढावी लागतात. म्हणून पहिल्या भेटीतच वकीलपत्रावर सही घेतात.

कागद कुठे अडतात

अर्जाचा नमुना सोपा आहे, दोन-तीन पानांचा. अडतं ते सोबत जोडायच्या कागदांत.

एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. तिच्यात पीडिताचं नाव, वय आणि कलमं नीट पाहावीत. आधार कार्डावर ‘सुनिता’, एफआयआरमध्ये ‘सुनीताबाई’, बँकेत माहेरचं आडनाव, अशी तीन नावं असतील तर तिन्ही एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडावं. नंतर त्रुटी निघाली की फाईल महिनाभर मागे जाते.

इजा प्रमाणपत्राकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावं लागतं. मारहाण किंवा भोसकल्यानंतर सरकारी रुग्णालयात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण, अशी नोंद होते आणि डॉक्टर प्रमाणपत्रात इजा ‘साधी’ की ‘गंभीर’ ते लिहितात. हाड मोडल्याची शंका असेल तर त्या रकान्यात ‘एक्स-रे अहवाल येईपर्यंत अभिप्राय राखीव’ असं लिहून ठेवलं जातं. पुढे एक्स-रे निघतो, प्लास्टर होतं, रुग्ण घरी जातो. एक्स-रेचा अहवाल मात्र प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांपर्यंत परत कुणी नेत नाही. महिन्यांनी अर्ज करायची वेळ आली की प्रमाणपत्रावर अजूनही ‘राखीव’. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीचे आठ प्रकार दिले आहेत. हाड किंवा दात मोडणं त्यात आहे. १५ दिवस तीव्र वेदना होणं किंवा रोजचे व्यवहार करता न येणं हेही आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत ही मुदत २० दिवस होती. ‘गंभीर’ हा एक शब्द आला की भरपाईच्या तक्त्यातली ओळ बदलते. म्हणून वकील रुग्णालयाला लेखी अर्ज देऊन, एक्स-रेची प्लेट आणि अहवाल जोडून, अंतिम अभिप्राय मागवून घेतो. तपासी अंमलदाराचं पत्र सोबत असेल तर काम लवकर होतं.

अपंगत्वाचं प्रमाण हा दुसरा अडसर. ३५ टक्के की ४५ टक्के, यावर रकमेचा टप्पा ठरतो. पण कायमचं अपंगत्व किती ते उपचार संपल्याशिवाय डॉक्टर सांगू शकत नाहीत, आणि सांगूही नये. उपाय असा, की आधी अंतरिम अर्ज करायचा. अंतिम रकमेची मागणी अपंगत्वाचं प्रमाणपत्र आल्यावर पुरवणी अर्जाने करायची. घाईघाईत उपचार चालू असतानाच अंतिम रक्कम स्वीकारली, तर पुढच्या शस्त्रक्रियांचा खर्च अंगावर येतो.

औषधांची बिलं ही वरवर क्षुल्लक गोष्ट. मेडिकल दुकानांतली पुष्कळ बिलं थर्मल कागदावर छापलेली असतात. पाकिटात ठेवलेलं असं बिल काही महिन्यांत पुसट होऊन कोरं पडतं. ज्या दिवशी बिल मिळालं त्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढावी आणि मोबाइलवर फोटो ठेवावा. बिलावर रुग्णाचं नाव लिहून घ्यावं. ‘रोख ग्राहक’ असं लिहिलेलं बिल चौकशीत टिकत नाही.

मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला आणि अवलंबून असलेल्यांचा पुरावा लागतो. वारस आणि अवलंबित हे दोन शब्द इथे एक नाहीत. वेगळा राहणारा कमावता भाऊ वारसांच्या यादीत येऊ शकेल, पण मृताच्या कमाईवर तो जगत नव्हता. म्हातारी आई, पत्नी, लहान मुलं जगत होती. शिधापत्रिका, तलाठ्याचा पंचनामा, तहसील कार्यालयाचा दाखला यांनी ते दाखवायचं. पत्नी आणि सासरचे यांच्यात वाद असेल, तर कोणाला किती द्यायचं हे ठरवण्यासाठी प्राधिकरण सगळ्यांना बोलावतं. अशा वेळी वकिलाने एका बाजूचं वकीलपत्र घ्यावं, दोन्हींचं नाही.

लैंगिक गुन्ह्यांत पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. भरपाईचा अर्ज दहा टेबलांवरून फिरतो हे लक्षात घेऊन नावाचे कागद बंद पाकिटात देतात आणि उघड्या पानांवर फक्त गुन्ह्याचा नोंदणी क्रमांक ठेवतात. घरच्यांनी झेरॉक्सच्या दुकानात वैद्यकीय अहवाल विसरून येणं, हाही एक नेहमीचा प्रकार.

अर्जात काय लिहायचं

‘अर्जदार गरीब असून तिच्यावर मोठा अन्याय झाला आहे, तरी जास्तीत जास्त भरपाई मिळावी ही विनंती.’ असा परिच्छेद खूप अर्जांत दिसतो. त्यातून चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला रक्कम ठरवायला काहीच मिळत नाही.

योजनेत रक्कम ठरवण्याचे निकष दिलेले आहेत: गुन्ह्याची तीव्रता, झालेला आणि होणारा वैद्यकीय खर्च, बुडालेलं शिक्षण, बुडालेलं काम, आरोपीशी असलेलं नातं, अत्याचार एकदाच झाला की वारंवार, गर्भधारणा किंवा आजार, अपंगत्व, घरची आर्थिक स्थिती. चांगला अर्ज या प्रत्येकावर एक-एक वाक्य लिहितो आणि त्या वाक्याला कागद जोडतो. समजा, भाजी विकणाऱ्या बाईच्या हातावर चोराने वार केला. अर्जात असं यावं: ‘अर्जदार रोज सुमारे ५०० रुपये मिळवत असे. ७४ दिवस ती गाळ्यावर जाऊ शकली नाही, म्हणून ३७,००० रुपयांचं उत्पन्न बुडालं. जिल्हा रुग्णालयात १९ वेळा जावं लागलं, प्रत्येक वेळी सोबत एक माणूस, जाऊन-येऊन माणशी १८० रुपये, एकूण ६,८४० रुपये. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, फिजिओथेरपी सहा महिने चालेल असं डॉक्टरांनी लिहिलं आहे.’ सोबत बाजार समितीची किंवा नगरपालिकेची पावती, रुग्णालयाच्या तारखांचं कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी. रोजंदारीचा लेखी पुरावा नसेल तर शेजारच्या दोन गाळेवाल्यांची प्रतिज्ञापत्रं चालतात.

मनावरचा आघात हाही आकड्यात बसणारा भाग आहे. नालसाच्या योजनेत पुनर्वसनाची गरज असलेली मानसिक इजा स्पष्ट धरली आहे. झोप न लागणं, शाळा सुटणं, घराबाहेर पडता न येणं हे नुसतं लिहून भागत नाही. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाचा कागद हवा. लोक तिकडे जायला बिचकतात. वकिलाने हे काम संकोच न करता सांगावं, कारण अर्जापेक्षा उपचारासाठीच ते जास्त गरजेचं असतं.

आधी दुसऱ्या योजनेतून काही मिळालं असेल तर ते लपवू नये. ते तसंच लिहावं. खोट्या माहितीवर घेतलेली रक्कम परत वसूल होऊ शकते.

रकमा

नालसाच्या महिला पीडित योजनेतील काही टप्पे सांगतो, म्हणजे अंदाज येईल. बलात्कार ४ ते ७ लाख. सामूहिक बलात्कार ५ ते १० लाख. मृत्यू ५ ते १० लाख. अ‍ॅसिडने चेहरा विद्रूप झाल्यास ७ ते ८ लाख. ८० टक्के कायमचं अपंगत्व २ ते ५ लाख. पीडिता अल्पवयीन असेल तर तक्त्यातल्या रकमेहून ५० टक्के जास्त, म्हणजे ४ ते ७ लाखांचा टप्पा ६ ते साडेदहा लाख होतो. पुरुष पीडितांसाठी राज्याच्या सर्वसाधारण योजनेचा तक्ता वेगळा आहे, तो प्राधिकरणाच्या कार्यालयातून मागून घ्यावा.

अ‍ॅसिड हल्ल्यात घड्याळ वेगळं चालतं. लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये किमान ३ लाख रुपये ठरवले. त्यातले १ लाख घटना कळल्यापासून १५ दिवसांत आणि उरलेले २ लाख त्यानंतरच्या दोन महिन्यांत. २०१५ च्या आदेशाने खासगी रुग्णालयांनाही उपचार नाकारता येत नाहीत, आणि प्रथमोपचार देणाऱ्या रुग्णालयाने ही व्यक्ती अ‍ॅसिड हल्ल्याची पीडित असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं आहे. त्या प्रमाणपत्रावर पुढचे उपचार आणि भरपाई दोन्ही अवलंबून असतात, म्हणून डिस्चार्जच्या आधी ते हातात घ्यावं. ‘आधी पैसे भरा’ म्हणणाऱ्या रुग्णालयाला वकिलाने नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ दाखवावं. बलात्कार आणि अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडितांवर मोफत उपचार न करणाऱ्या रुग्णालयाच्या प्रमुखाला न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते.

मूल पीडित असेल तर दार विशेष न्यायालयाचं

पोक्सोच्या, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, प्रकरणात अर्ज प्राधिकरणाकडे नेऊन टाकणं ही नेहमीची चूक. पोक्सो नियम, २०२० च्या नियम ९ प्रमाणे भरपाईचा आदेश विशेष न्यायालय देतं. एफआयआर नोंदला गेल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर अंतरिम, आणि शेवटी अंतिम. आरोपी सुटला किंवा सापडला नाही तरीही. रक्कम ठरवताना नालसाची योजना मार्गदर्शक धरतात आणि ती मुलगा-मुलगी दोघांनाही लागू. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात.

त्याहूनही लवकर मिळणारी गोष्ट नियम ८ मध्ये आहे. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बालकल्याण समिती रकमेची शिफारस करू शकते आणि ती आठवड्याच्या आत मिळायला हवी. तपासासाठी वारंवार तालुक्याला जाण्यातच ज्या आईची मजुरी बुडते, तिला ही छोटी रक्कम मोठ्या आदेशाहून जास्त उपयोगी पडते.

न्यायालयं भरपाई द्यायला विसरतात, हा काही पीडितांच्या घरच्यांचा गैरसमज नाही. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका पोक्सो प्रकरणात खालच्या न्यायालयाने भरपाईचा आदेश दिला नव्हता, हे सर्वोच्च न्यायालयाच्या लक्षात आलं. ४ नोव्हेंबर २०२४ च्या त्या आदेशात न्यायालयाने सांगितलं, की स्त्रिया आणि बालकांवरील लैंगिक अत्याचारासारख्या गुन्ह्यांत सत्र न्यायालयांनी भरपाईचा आदेश द्यावा आणि प्राधिकरणांनी तो तातडीने अमलात आणावा. त्याआधी २०१३ मध्ये अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात, भरपाई द्यायची की नाही याचा प्रत्येक प्रकरणात विचार करून कारणं नोंदवणं न्यायालयांना बंधनकारक आहे असं म्हटलं होतं. निकालाच्या दिवसाआधी भरपाईचं लेखी निवेदन दाखल करून त्यात हे दोन निकाल नमूद करणं, हे पीडिताच्या वकिलाचं अर्ध्या तासाचं काम आहे. न्यायालयाने आरोपीकडून दिलेली भरपाई तुटपुंजी असेल तर पीडिताला अपील करता येतं. ती तरतूद आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ मध्ये आहे.

दुसरी दारंही आहेत

अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीवर अत्याचार झाला असेल आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमं लागली असतील, तर समाजकल्याण विभागाकडून अर्थसाहाय्य मिळतं. २०१६ च्या सुधारित नियमांत ही रक्कम गुन्ह्यानुसार ८५ हजार ते ८ लाख २५ हजार ठरवली गेली. ती टप्प्यांनी येते: जातिवाचक अपमानाच्या गुन्ह्यात २५ टक्के एफआयआरनंतर, ५० टक्के दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर, २५ टक्के शिक्षा झाल्यावर. खुनात अर्धी रक्कम शवविच्छेदनानंतर आणि अर्धी दोषारोपपत्रानंतर. घोडं अडतं ते जातीच्या दाखल्यापाशी. दाखला घरात नसतो, आणि तो काढायला जुन्या शाळेचा दाखला लागतो. वकिलाने एफआयआरच्या दिवशीच हा विषय काढला तर पहिला हप्ता वेळेत येतो. हे साहाय्य घेतल्याने इतर कायद्यांखालचा भरपाईचा हक्क जात नाही, असं नियम १२ मध्ये स्पष्ट आहे.

वाहन धडक देऊन पळून गेलं असेल तर भरपाई प्राधिकरणाकडे मागायची नसते. १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर इजेसाठी ५० हजार मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडे. वाहन सापडलं असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण, आणि तिथे अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, हे विसरू नये.

पैसे आले, पण खात्यात आले का?

मंजुरीचा आदेश निघाल्यावरही रक्कम परत गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. पुष्कळांचं जन-धन खातं पूर्ण केवायसी न करता उघडलेलं ‘छोटं खातं’ असतं. अशा खात्यात कोणत्याही वेळी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षभरात एकूण १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. सव्वा लाख पाठवले की बँक अडवते. बँकेत जाऊन आधी पूर्ण केवायसी करून घ्यावं, बंद पडलेलं खातं चालू करावं, आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची ताजी प्रत अर्जाला जोडावी. रद्द केलेला धनादेश असेल तर उत्तम. खातं फक्त पीडितेच्या नावावर असावं. नवऱ्यासोबतचं संयुक्त खातं दिलं आणि आरोपी नवराच असला तर काय होतं, ते सांगायला नको. मूल असेल तर पालक म्हणून कोणाचं नाव लावायचं, हे आरोपी घरातला आहे की बाहेरचा ते पाहून ठरवावं.

सगळी रक्कम हातात येत नाही. नालसाच्या योजनेत प्रौढ पीडितेची ७५ टक्के रक्कम किमान तीन वर्षांच्या मुदत ठेवीत जाते, २५ टक्के वापरायला मिळते. ४ लाख मंजूर झाले तर १ लाख खात्यात आणि ३ लाख ठेवीत. व्याज दरमहा बचत खात्यात. अल्पवयीन असेल तर ८० टक्के ठेवीत, आणि ती ठेव सज्ञान होईपर्यंत, पण तीन वर्षांच्या आधी नाही. यावर घरची माणसं चिडतात. रागही समजण्यासारखा आहे, कारण कर्ज तर आत्ताच फेडायचं असतं. पण शिक्षण, उपचार किंवा खरोखर तातडीचं कारण असेल तर ठेव मुदतीआधी मोडण्याची परवानगी प्राधिकरणाकडे मागता येते. कॉलेजची फी भरायची पावती किंवा रुग्णालयाचं अंदाजपत्रक जोडून साध्या कागदावर अर्ज करावा. ‘घर दुरुस्ती’ असं मोघम कारण लिहिलं तर तो बहुधा नामंजूर होतो.

अर्ज फेटाळला गेला किंवा रक्कम कमी वाटली, तर नालसाच्या योजनेनुसार ३० दिवसांच्या आत राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे अपील करता येतं. आदेशाची प्रत ज्या दिवशी हातात आली ती तारीख प्रतीवरच लिहून सही करावी, मुदत मोजताना वाद होत नाही. घटनेपासून किंवा खटला संपल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असतो. उशीर झालाच तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेण्याची सोय आहे. दोन महिने उलटूनही चौकशी रेंगाळली तर सचिवांना स्मरणपत्र, मग राज्य प्राधिकरणाला पत्र, मग उच्च न्यायालय. बहुतेक फायली पहिल्या स्मरणपत्रालाच हलतात, कारण त्यावर आवक क्रमांक पडतो.

मुदत ठेवीची पावती मात्र घरच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून राहते. दरम्यान बँकेची शाखा दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते, मुलीचा पत्ता बदललेला असतो, पालकाचा फोन बंद असतो. मुलगी अठराची झाल्यावर तिला स्वतःच्या सहीने नव्याने केवायसी करावं लागतं आणि बँक आधी प्राधिकरणाचा आदेश मागते. म्हणून पावतीची आणि आदेशाची सहीशिक्क्याची प्रत एकत्र लॅमिनेट न करता प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी, आणि पावतीच्या झेरॉक्सच्या मागे आदेशाचा क्रमांक, तारीख आणि ठेव कधी सुटणार तो दिवस पेनाने लिहून ठेवावा.